संगणक वाट कशाची पाहतो?

बंगळुरातल्या चिकपेटेत सकाळी दहा-साडेदहाला दुकानांची शटरं वर जातात. देवासमोर उदबत्ती लागते, गादीवरची चादर झटकली जाते आणि त्याच सुमाराला गल्ल्याशेजारच्या डेस्कटॉपचं बटण दाबलं जातं. पुढची पाच-सात मिनिटं त्या संगणकाकडून कुणी कसलीही अपेक्षा ठेवत नाही. विंडोजचं चिन्ह येतं, खालचे ठिपके गोल फिरत राहतात. डेस्कटॉप दिसू लागला तरी माउसचा बाण अडखळतो, टॅली उघडायला गेलं की पडदा पांढरा पडतो. कॅबिनेटवरचा बारीक दिवा मात्र या सगळ्या वेळात अखंड लुकलुकत असतो. हार्डडिस्क कामात असल्याची ती खूण.

पहिल्या केंपेगौडानं १५३७ साली वसवलेल्या जुन्या पेठेचा हा भाग. एकेका धंद्याची एकेक पेठ, तशी इथली रचना होती आणि बरीचशी अजून आहे. चिकपेटेत रेशमी साड्या, नगरथपेटेत सोनं-चांदी, अव्हेन्यू रोडवर पुस्तकं. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला ठाऊक असतंच. आजही शिवणकामाची परंपरा असलेल्या नामदेव शिंप्यांची आणि रंगाऱ्याच्या धंद्यातून आलेल्या भावसारांची घरं या शहरात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ्यांत गेले, तसे इथेही आले. दुकानात कन्नड, व्यापाऱ्याशी हिंदी आणि घरी मराठी असा या मंडळींचा दिवस जातो.

टॅलीही याच शहरातली. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी बंगळुरात ही कंपनी सुरू केली. श्यामसुंदर गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी मनासारखा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून गणिताचा पदवीधर असलेल्या मुलानं तो लिहिला. व्यापाऱ्याच्या घरात, व्यापाऱ्याच्या गरजेतून जन्मलेला हा प्रोग्रॅम पुढे देशभरच्या दुकानांत पोचला. मग १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि संगणकाशिवाय धंदा करणं अवघड झालं. त्या धावपळीत अनेक लहान दुकानांनी असेंबल्ड किंवा जुने डेस्कटॉप घेतले. आज रडतखडत चालतात ते बहुतेक हेच.

चिकपेटेतून चालत गेलं तर थोड्याच वेळात सदर पत्रप्पा रोड लागतो, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एसपी रोड. संगणकाचे सुटे भाग आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सामान यांची ही बंगळुरातली जुनी बाजारपेठ. रॅम, एसएमपीएस, मदरबोर्ड, केबल, वापरलेले प्रोसेसर, सगळं इथे मिळतं. इथल्या काउंटरवर दोन प्रकारचा सल्ला ऐकायला मिळतो. एक म्हणजे, “काका, मशीन जुनं झालं, आता नवीनच घ्या.” दुसरा, “हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकून देतो, अर्ध्या तासात पळायला लागेल.” पुष्कळदा दुसरा सल्ला खरा असतो. तो खरा का असतो, हे नीट कळलं तर कुठली एसएसडी घ्यायची, कुठली नाही आणि कुठल्या खर्चात अर्थ नाही, याचीही उत्तरं आपोआप मिळतात.

हार्डडिस्क हे यंत्र आहे, अक्षरशः यंत्र. आत चकचकीत तबकड्या फिरतात, त्यांच्यावरून एक दांडा सरकतो आणि त्याच्या टोकाचं हेड चुंबकीय खुणा वाचतं. १९५६ मध्ये आयबीएमनं पहिली हार्डडिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि साठवण होती सुमारे ५० लाख अक्षरांची. तेव्हापासून आकार आक्रसला, साठवण लाखो पटींनी वाढली, पण फिरणारी तबकडी आणि सरकणारं हेड हा मूळ बेत तसाच राहिला. सगळी अडचण या बेतात आहे.

डेस्कटॉपमधली हार्डडिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२० आणि एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य जागी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकूण झाले साडेबारा मिलिसेकंद. माणसाला हा वेळ जाणवतही नाही, प्रोसेसरला मात्र तो फार मोठा आहे. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके टाकतो. साडेबारा मिलिसेकंदांत त्याचे पावणेचार कोटी ठोके होतात. एका छोट्या फाइलीचा एक तुकडा हातात पडेपर्यंत तेवढे ठोके वाया जातात. दुकानदार म्हणतो, संगणक हळू झालाय. प्रोसेसर पूर्वी होता तेवढाच वेगवान आहे, त्याच्या हातात वेळेवर काही पडत नाही एवढंच.

साडेबारा मिलिसेकंदाला एक, या हिशेबानं हार्डडिस्क सेकंदाला ८० विखुरलेली वाचनं करू शकते. एकेक तुकडा ४ किलोबाइटचा धरला तर सेकंदाला फक्त ३२० किलोबाइट. तीच डिस्क एखादा मोठा चित्रपट सलग वाचायला लावली की सेकंदाला १०० ते १५० मेगाबाइट सहज देते, कारण तेव्हा हेडला इकडेतिकडे पळावं लागत नाही. पण विंडोज सुरू होणं म्हणजे सलग वाचन नव्हे. हजारो लहान फाइली, ड्रायव्हर, सेटिंगा, अँटिव्हायरसची तपासणी, अपडेटची चौकशी असं ते विखुरलेलं काम असतं. समजा अशी २०,००० वाचनं झाली. २०,००० भागिले ८०, म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटांहून जास्त. पुढचं लागणारं आधीच वाचून ठेवायच्या युक्त्या विंडोज करतं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा वर-खाली होतो. सकाळची ती पाच-सात मिनिटं कुठून येतात, ते मात्र या भागाकारात दिसतं.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही. कुठलाही तुकडा मागितला तरी तो साधारण ०.१ मिलिसेकंदात हातात पडतो. तीच २०,००० वाचनं २ सेकंदांत होतात. त्यानंतर जो वेळ लागतो तो प्रोसेसरच्या खऱ्या कामाचा.

एसएसडीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, सेकंदाला ५५० मेगाबाइट. हा सलग वाचनाचा वेग. हार्डडिस्कच्या तो चार-पाच पट आहे आणि ग्राहकाला वाटतं, आपला संगणक चार-पाच पट वेगवान होणार. प्रत्यक्षात दुकानाच्या कामात उपयोगी पडणारी गोष्ट खोक्यावर नसते. विखुरलेल्या वाचनात हा फरक चार-पाच पटींचा नसून शंभरपटींच्या वर आहे. जुन्या मदरबोर्डाबद्दलची सर्वात मोठी भीती याच एका मुद्द्यानं निकालात निघते.

२०११ नंतर भारतात एच६१ चिपसेटचे मदरबोर्ड प्रचंड खपले. त्यांच्यावरची डिस्क जोडायची साटा जोडणी ३ गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३०० मेगाबाइटची. “तुमच्या बोर्डवर एसएसडीचा निम्मा वेग वाया जाईल,” असं सांगून गिऱ्हाइकाला नव्या संगणकाकडे वळवलं जातं. वाया जातो तो सलग वाचनाचा निम्मा वेग. लहान तुकडा ०.१ मिलिसेकंदात मिळण्याचा फायदा जवळजवळ सगळाच्या सगळा पदरात पडतो, कारण ४ किलोबाइटच्या तुकड्याला ३०० मेगाबाइटचा रस्ता पुरून उरतो. त्याआधीच्या जी३१ आणि जी४१ बोर्डांनाही हेच लागू आहे. तिथे तर साटाची आधुनिक एएचसीआय पद्धतही बहुधा नसते, जुन्या आयडीई पद्धतीनंच काम चालतं. तरीही कोअर टू ड्युओचा तो संगणक एसएसडी लावल्यावर सुसह्य होतो. २०१३ च्या एच८१ बोर्डवर मात्र थोडं लक्ष द्यावं. त्यावर दोन जोडण्या ६ गिगाबिटच्या आणि दोन ३ गिगाबिटच्या असतात, अनेक बोर्डांवर त्यांचे रंगही वेगळे असतात. जलद जोडणी एसएसडीला द्यावी, हार्डडिस्कला दुसरी चालते.

या यंत्राच्या पोटात काय आहे, तेही पाहू. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नॅन्ड हा प्रकार. आज पेन ड्राइव्ह, मोबाइल, एसएसडी या सगळ्यांत नॅन्डच असतो. सिलिकॉनवर एक अतिसूक्ष्म कप्पा, त्याभोवती वीज जाऊ न देणारा ऑक्साइडचा थर. मोठा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन त्या थरातून आत शिरतात आणि वीज गेली तरी आतच अडकून राहतात. किती इलेक्ट्रॉन अडकलेत यावरून माहिती वाचायची. इतकी मोठी गोष्ट देणाऱ्या मासुओकांना कंपनीकडून फारसं काही मिळालं नाही. २००४ मध्ये त्यांनी न्यायालयात दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आज जगातला जवळपास प्रत्येक माणूस त्यांच्या शोधावर आपले फोटो ठेवतो, हे पाहता ही रक्कम वाचून मला वाईट वाटतं.

या कहाणीत एक भारतीय धागाही आहे. कानपूरमध्ये जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी एली हरारी आणि जॅक युआन यांच्यासोबत १९८८ मध्ये सनडिस्क काढली. तीच पुढे सॅनडिस्क झाली. १९९१ मध्ये या कंपनीनं २० मेगाबाइटची एसएसडी केली, किंमत सुमारे १,००० डॉलर. २००८ मध्ये इंटेलची ८० गिगाबाइटची एसएसडी ५९५ डॉलरला आली, तेव्हाही ती हौशी लोकांपुरतीच होती. एकाच कप्प्यात एकाऐवजी दोन, मग तीन, मग चार बिट भरायला लागले, आणि २०१३ पासून कप्प्यांचे मजल्यावर मजले चढले. तेव्हा कुठे ती एसपी रोडच्या काउंटरवर दुकानदाराला परवडेल अशा भावात आली.

पण या कप्प्यांना एक विचित्र खोड आहे. वाचणं-लिहिणं लहान लहान पानांत होतं, पुसायचं मात्र शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम. पाटीवर एकेक ओळ लिहिता यावी, पण पुसताना मात्र सगळी पाटीच पुसावी लागावी, तसं. शिवाय प्रत्येक पुसण्याबरोबर ऑक्साइडचा थर थोडा झिजतो. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर बदललेलं पान त्याच जागी लिहीत नाही. ते मोकळ्या जागी लिहितो, जुनं बाद ठरवतो आणि सवडीनं गठ्ठे रिकामे करतो. झीज एकाच कोपऱ्यात होऊ नये म्हणून लिखाण सगळीकडे फिरवत राहतो. कुठली फाइल डिलीट झाली हे विंडोजनं त्याला कळवावं लागतं. ही सोय, ट्रिम, विंडोज ७ पासून म्हणजे २००९ पासून आहे. म्हणून विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या संगणकात एसएसडी लावायचा आग्रह धरू नये. आणि एसएसडी काठोकाठ भरू नये. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवली की कंट्रोलरला हालचालीला वाव मिळतो. जुन्या सवयीनं डीफ्रॅग करायचीही गरज नाही. विखुरलेल्या फाइली हेडला पळवत, इथे हेडच नाही.

झिजते म्हटल्यावर दुकानदार घाबरतो, ते साहजिक आहे. पण हिशेब करून पाहा. सॅमसंगच्या ८७० इव्हो या २५० गिगाबाइटच्या एसएसडीला कंपनी १५० टेराबाइट लिखाणापर्यंत हमी देते. दुकानाच्या संगणकावर दिवसाला २० गिगाबाइट लिहिलं जातं असं धरलं, जे बिलं आणि खतावणीसाठी भरपूर आहे, तरी १५० टेराबाइट व्हायला ७,५०० दिवस लागतील. वीस वर्षं. त्याआधी बाकीचा संगणक थकेल.

खरी काळजी करावी अशी गोष्ट वेगळीच आहे. हार्डडिस्क बहुतेकदा मरायच्या आधी इशारा देते, टक्-टक् आवाज करते, फाइली उघडायला वेळ लावते. एसएसडी बरेचदा काही न सांगता एका सकाळी दिसेनाशी होते. शिवाय ट्रिममुळे डिलीट झालेली फाइल परत काढणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून एसएसडी लावली की टॅलीचा बॅकअप रोजचा झाला पाहिजे, आणि तोही संगणकाबाहेर. यात मी कसलीही सवलत देणार नाही. एक वर्षाचा जीएसटीचा हिशेब पुन्हा उभा करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारावं.

खरेदीला गेल्यावर काउंटरवर एनव्हीएमई नावाची च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी दिसेल. ती आणखी वेगवान आहे यात शंका नाही. पण २०११-१२ च्या बोर्डांवर तिची जागाच नसते. अडॅप्टर कार्ड लावून ती बसवता येते, मात्र त्या बोर्डांचा बायोस सहसा तिच्यावरून विंडोज सुरू करत नाही. अशा संगणकाला अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. पट्टीसारख्या दिसणाऱ्या सगळ्या एनव्हीएमई नसतात, काही साटाच असतात. दोन खाचा असलेली बहुधा साटा, एक खाच असलेली एनव्हीएमई. नाव न ऐकलेल्या कंपनीची, अविश्वसनीय स्वस्त, १ टेराबाइट लिहिलेली एसएसडी मिळाली तर घेऊ नये. आत कमी साठवण आणि वर मोठा आकडा अशा बनावट वस्तू बाजारात असतात. जीएसटीचं बिल घ्यावं, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते आणि बिलाशिवाय ती मिळवणं कठीण जातं.

बसवण्याचं काम सोपं आहे. साटाची डेटा केबल, एसएमपीएसमधून येणारी पॉवर केबल, बस्स. एसएसडी इतकी हलकी की कॅबिनेटमध्ये दोन स्क्रूवरही राहते. जुन्या एसएमपीएसला साटाची पॉवर पिन नसेल तर कन्व्हर्टर लागतो. तो अगदी स्वस्तातला, तारांवर प्लास्टिक ओतून बनवलेला घेऊ नये, अशा कन्व्हर्टरात तारा चिकटून जळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

वेळ जातो तो विंडोज आणि डेटा हलवण्यात. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर क्लोन करावं, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवावी. क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम ते करतो, पण १ टेराबाइटच्या डिस्कवरून २५० गिगाबाइटच्या एसएसडीवर जाताना आधी पार्टिशन लहान करून घ्यावी लागतात, नाहीतर काम अडतं. डिस्कवर बॅड सेक्टर असतील तर क्लोनच्या फंदात न पडता आधी डेटा उतरवून घ्यावा आणि विंडोज नव्यानं टाकावं. तसं करताना टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करायला विसरू नये. फॉरमॅट मारून झाल्यावर ही आठवण झाली की मग फोनाफोनी सुरू होते. आणि बायोसमध्ये आयडीईचं एएचसीआय करायचं असेल तर ते विंडोज टाकण्यापूर्वी करावं. चालू विंडोजमध्ये परस्पर बदललं तर निळा पडदा येऊ शकतो.

रॅम ४ गिगाबाइटची असेल तर ८ करून घ्यावी. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचाच वापर रॅमसारखा करतं, आणि हार्डडिस्कवर हेच सर्वात जास्त जाचतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मात्र मी आधी एसएसडी घेईन.

आता एक अप्रिय गोष्ट. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर चालतं आणि त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. एच६१ किंवा एच८१ चा संगणक त्यात बसत नाही. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापराला ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा-मुदतवाढ देऊ केली आहे. फक्त ब्राउझर, पत्रं आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाकून तोच संगणक आणखी काही वर्षं चांगला चालतो. टॅली मात्र विंडोजसाठी आहे, तेव्हा दुकानदाराला कधीतरी पुढच्या पिढीचा, वापरलेला का होईना, संगणक पाहावा लागेल. म्हणून आज एसएसडी घेणं वाया जातं का? नाही. अडीच इंची साटा एसएसडी त्या पुढच्या डेस्कटॉपलाही बसते.

उरते ती जुनी हार्डडिस्क. ती चांगली असेल तर कॅबिनेटमध्येच डी ड्राइव्ह म्हणून ठेवावी, किंवा यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपसाठी वापरावी. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात माहिती ठेवायची असेल तर हार्डडिस्कच एसएसडीहून भरवशाची, कारण एसएसडीच्या कप्प्यांतले इलेक्ट्रॉन हळूहळू गळत जातात. विकायची असेल तर क्विक फॉरमॅटवर थांबू नये. त्यात फक्त फाइलींची यादी जाते, फाइली तशाच राहतात, आणि त्यांत गिऱ्हाइकांचे फोन, जीएसटी क्रमांक, बँकेचे खाते उतारे असतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विकची खूण काढून टाकली की संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. १ टेराबाइटला त्यासाठी दोन-अडीच तास लागतात. रात्री दुकान बंद करताना लावून जावं आणि सकाळी डिस्क काढून घ्यावी.